काकासाहेबांच्या वजनाचा दोरा

खुर्ची फाटली ती सकाळी, आणि संगमनेरचे काकासाहेब जमिनीवर बसत नाहीत हे कळलं ते दुपारी. मनकर्णेला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं, की बातमी आधी आली असती तर तिने त्या खुर्चीत कुणाला टेकूसुद्धा दिलं नसतं. नवऱ्याला तर नाहीच.

घरात खुर्ची ती एकच. भिंगारच्या छावणीतून एक गोरा साहेब बदलून गेला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावातून तिच्या नवऱ्याने, राधाकृष्णांनी, ती आणली होती. ऐसपैस सागवानी आरामखुर्ची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कॅनव्हासची. कॅनव्हासच्या दोन्ही टोकांना परकराला असतो तसा नेफा, नेफ्यात लाकडी दांडी आणि दांड्या चौकटीच्या खाचांत अडकवलेल्या. म्हणजे माणूस तिथे कापडावर बसत नाही, दोन शिवणींवर बसतो. हे इतकं साधं सत्य मनकर्णेला कळायला त्या दोन्ही शिवणी उसवाव्या लागल्या. राधाकृष्ण कचेरीत कारकून होते, वजनाने उदबत्तीसारखे. त्यांच्या खाली जर ती उसवली, तर दोष त्यांचा नव्हता, जुन्या दोऱ्याचा होता. पण घरात दोष ठेवायला दोऱ्यापेक्षा माणूस सोयीचा पडतो.

दुपारी समोरच्या गोजरबाई उंबऱ्यात येऊन टेकल्या. त्यांचं माहेर संगमनेरकडचं आणि रेणुकेसाठी हे स्थळ त्यांनीच आणलेलं.

"बाई, येक सांगायचं राहिलंच की. काकासाहेब खाली बसत न्हाईत. गुडघं धरल्यात त्यांचं. खाली बसले तर उठवायला चार मानसं लागत्यात."

"मग शाळेतून एखादी खुर्ची आणू मागून," मनकर्णा म्हणाली.

"हाताची खुर्ची? आगं, त्यात ते मावतात, पन उठताना खुर्ची संगं उठती! मागं राहुरीला येका घरी तसंच झालं. पाव्हने उठले, खुर्ची उठली, आन् घरातली सगळी हसली. काकासाहेब तडक टांग्यात जाऊन बसले. मुलगी बघितली बी न्हाई." मग खुर्चीकडे नजर टाकून त्या म्हणाल्या, "तुमची ही साहेबाची हाय ते बरं. मोठ्या मानसाच्या मापाची."

मनकर्णेने ती खुर्ची पदराने झाकता आली असती तर झाकली असती. फाटकी बाजू भिंतीकडे होती, म्हणून निभावलं.

रेणुका राधाकृष्णांची धाकटी बहीण. आईमागे मनकर्णेनेच तिला वाढवलेली. आधी दोन स्थळं येऊन गेली. पहिल्यांना पोहे तिखट लागले आणि दुसऱ्यांना गल्ली अरुंद वाटली. हे तिसरं. काकासाहेबांचा मुलगा वकिलीचं शिकत होता. केडगावच्या देवीच्या जत्रेत त्याने रेणुकेला पाहिलं होतं आणि त्याचं मत झालेलं होतं. रेणुकेचंही झालेलं होतं, पण ते तिला कुणी विचारलं नव्हतं. ती फक्त अलीकडे संगमनेरची गाडी कुठल्या वेळेला जाते ते बरोबर सांगायची. आता राहिले होते काकासाहेब. त्यांनी हो म्हटलं की झालं, आणि ते टांग्यात जाऊन बसले की संपलं. येणार होते रविवारी.

"शिंप्याकडे टाकूया का?" राधाकृष्णांनी विचारलं.

मनकर्णेने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. गल्लीत हातमशिन एकटीकडेच, तिच्याकडे. माहेराहून आलेलं. गल्लीतल्या यच्चयावत झबली-टोपड्यांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत सगळं त्या मशिनीवरून गेलेलं. स्वतःच्या खुर्चीचे दोन नेफे शिवायला तिने शिंप्याच्या दारात जायचं? माळीवाडाभर झालं असतं.

प्रश्न मशिनीचा नव्हताच, दोऱ्याचा होता. आजच्या मुलींना सांगून पटायचं नाही, पण तेव्हा लढाई चालू होती आणि साधं दोऱ्याचं रीळ दिसणं म्हणजे देव दिसण्यासारखं होतं. कापडबाजारात मनकर्णा दुकानामागून दुकान हिंडली. एका दुकानदाराने तिला नीट बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "जाड दोरा? बाई, तुम्ही नगरच्याच ना?"

राधाकृष्ण म्हणाले, "अशी वणवण कशाला? मी रीतसर मागतो." कारकुनाला वाटतं की दुसरा कारकून त्याचं दुःख जाणेल. ते पुरवठ्याच्या कचेरीत गेले.

"दोरा कशासाठी?" तिथल्या कारकुनाने विचारलं.

"खुर्चीसाठी."

"खुर्ची लढाईच्या कामाची आहे का?"

"नाही. लग्नाच्या," राधाकृष्णांनी खरं ते सांगितलं.

"मग शिंप्याकडे जा. दोरा शिंप्यांना मिळतो."

"शिंप्यांकडे दोरा नाही हो."

"कसा असेल? आम्ही दिलेलाच नाही." असं म्हणून त्याने राधाकृष्णांना पान दिलं. तेवढाच त्या कचेरीचा फायदा.

शेवटी मनकर्णेने मशिनीच्या खणातलं जुनं पांढरं रीळ काढलं. लग्नातलं. दोरा दुहेरी घेतला, शिवण दोनदा फिरवली आणि राधाकृष्णांना बसवून पाहिलं. ते बसले. खुर्चीने हूं की चूं केलं नाही.

"तुमचे मालक बसून काय कळनार?" गोजरबाई म्हणाल्या. "काकासाहेब म्हंजी असले तीन. आन् वर फेटा."

आता ही परीक्षा कशी घ्यायची? मनकर्णेने राधाकृष्णांच्या मांडीवर ज्वारीचं पोतं ठेवलं. पोत्यासकट ते क्षणभर हवेत राहिले, मग दोरा फर्रकन उसवला आणि राधाकृष्ण जमिनीवर, पोतं त्यांच्यावर. पोत्याखालून आवाज आला, "आता खात्री झाली का?"

मनकर्णेने आधी ज्वारी सांडली का ते पाहिलं. हे राधाकृष्णांनी मनाला लावून घेतलं.

बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. विहिरीच्या चामडी मोटा शिवणाऱ्या छगनने मेण लावलेला चांभारी दोरा आणून दिला. तो इतका जाड की सुईच्या नेढ्यातून जाईना. "मंग नेढं मोठं करा की," छगन म्हणाला आणि निघून गेला. मनकर्णा बराच वेळ त्या दोऱ्याकडे पाहत होती. जगात काही माणसं किती सुखी असतात!

मग मच्छिंद्र आला. दोन मुलांचा बाप, पण संक्रांतीचा महिना छपरावर. संक्रांत नुकतीच झाली होती आणि त्याची फिरकी अजून भरलेली होती.

"वहिनी, हा दोरा सबंध सर्जेपुऱ्याचे पतंग कापून आलाय. त्याला काकासाहेब काय जड?"

"अरे, पण मांजाला काच लावलेली असते ना?"

"ही साधी सद्दी हाय. काच न्हाई, शप्पत."

मनकर्णेने तो दोरा ओवला. रेणुका मशिनीचं चाक फिरवी आणि मनकर्णा दोन्ही हातांनी जाड कापड पुढे सरकवी. शिवण अशी सरळ आली, की तिच्या आयुष्यात इतकी सरळ शिवण आली नव्हती. फक्त ती शिवत नव्हती, कापत होती. नेफा एका बाजूने सोलून निघाल्यासारखा हातात आला, आणि त्याच वेळी सुई मोडली.

"मच्छिंद्र!"

"आता काच म्हंजे अशी न्हाई, वहिनी," तो डोकं खाजवत म्हणाला. "काचेची लुगदी जरा उरली हुती. वाया कशाला घालवायची, म्हनून हात फिरवला नुसता."

आता कापड चार बोटं तोकडं झालं आणि जाड सुई एकच उरली. शनिवार उजाडला. रोज रात्री मनकर्णेला झोप लागत नव्हती आणि डोळा लागला की स्वप्नात काकासाहेब बसायचे. ते कसे दिसतात हे तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे स्वप्नात ते दर वेळी अधिकच मोठे व्हायचे.

शेजारची शरिफा परसदारातून हे सगळं ऐकत होती. तिचा नवरा चांदभाई छावणीत तंबू दुरुस्तीच्या कामावर होता. शरिफा म्हणाली, "भाभी, तुम्ही आम्हाला का न्हाई सांगितलं? यांच्याजवळ तंबूचा धागा हाय. वारा सुटला की तंबू उडतो, खांब मोडतो, पन धागा न्हाई तुटत."

चांदभाई संध्याकाळी रीळ घेऊन आला. खाकी रंगाचा पिळदार दोरा, अर्धं रीळ. मनकर्णेने दोन्ही हातांनी ओढून पाहिला. बोटाला वळ आला, दोरा होता तसाच.

राधाकृष्णांनी आधी दार लावलं. "चांदभाई, हा सरकारी माल नाही ना?"

"सायबानंच दिला, भाऊसाहेब. भंगारात जानारा हुता."

"तसं लिहून दिलंय?"

"अर्ध्या रिळाचं कोन लिहून देतंय?"

झालं. त्या दिवसांत किल्ल्यात मोठमोठे पुढारी बंद होते. गावात जिकडेतिकडे पोलीस. सरकारी नोकराच्या घरात फौजेचा दोरा सापडला म्हणजे काय होईल, हे राधाकृष्णांनी इतकं सविस्तर सांगितलं, की मनकर्णेला त्यांच्या बेड्यांचा आवाज ऐकू आला. रीळ तुरीच्या डाळीच्या डब्यात गेलं. तरी त्याच संध्याकाळी चौकात ओळखीच्या हवालदाराने विचारलंच, "काय राधाकृष्णराव, जाड दोरा शोधताय म्हणे? काय शिवताय एवढं?"

"काही नाही. पायजमा," राधाकृष्ण म्हणाले.

"पायजमा? एवढा मजबूत?" हवालदार हसून पुढे गेला. राधाकृष्ण घरी येऊन पाणी प्यायले, आणि मग पुन्हा पाणी प्यायले.

रविवारी सकाळी डब्यातून रीळ निघालं. मनकर्णेने सुईत खाकी दोरा ओवला, खाली बॉबिनवरही खाकीच भरला आणि डोक्याकडचा नेफा शिवायला घेतला. मशिन कण्हत होतं, पण टाका असा बसत होता की पाहत राहावं. निळ्या-पांढऱ्या कापडावर ती खाकी रेघ उठली, तेव्हा खुर्ची फौजेत भरती झाल्यासारखी दिसायला लागली. पण आता रूपाकडे पाहायची वेळ नव्हती. पहिला नेफा झाला. बॉबिन रिकामी झाली आणि रिळाचं लाकूड दिसायला लागलं. पायाकडच्या नेफ्याला सुईपुरता दोरा उरला होता, एवढाच.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टांग्याची घंटा वाजली.

"आले! लवकर आले!" राधाकृष्ण ओरडले.

मनकर्णेने हाताला लागेल त्या रिळावरून बॉबिन भरली, रेणुकेने चाक गरगर फिरवलं, दुसरा नेफा झाला, दांडी सरकवली, खुर्ची मांडली, मशिन स्वयंपाकघरात ढकललं, आणि रेणुकेचा पदर सारखा केला. या खुर्चीत बसून पाहायला कुणाला सवड झाली नाही.

काकासाहेब दारातून आले ते आधी एक खांदा आणि मग दुसरा, असे. मागून त्यांच्या पत्नी बनुबाई, लहानखुऱ्या आणि गप्प. काकासाहेब खुर्चीसमोर उभे राहिले. ज्याने आयुष्यात बऱ्याच खुर्च्या मोडल्या आहेत, तो माणूस नव्या खुर्चीकडे कसा पाहतो ते मनकर्णेने त्या दिवशी पाहिलं. थोडा संशय आणि बरीच आशा.

"हितं बसू?" त्यांनी विचारलं.

"बसा ना," राधाकृष्ण म्हणाले.

काकासाहेब बसले. कॅनव्हास ताणलं, चौकट करकरली, आणि सगळं थांबलं. खुर्ची टिकली. घरातल्यांनी श्वास सोडला, आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गल्लीनेही सोडला. काकासाहेबांनी पाय लांब केले आणि "हां," म्हणाले. पोह्यांना वाखाणलं. गल्लीबद्दल काही बोलले नाहीत.

मनकर्णा चहा करायला आत गेली. चूल फुंकता फुंकता तिची नजर मशिनीवर गेली. बॉबिनवर दोरा उरला होता. पांढरा.

पांढरा म्हणजे ते लग्नातलं रीळ. ज्वारीचं पोतं नवऱ्याच्या अंगावर पाडणारं. सगळ्या गल्लीने आठवडाभर विचार केला तो वरच्या दोऱ्याचा. पण टाका दोन दोऱ्यांचा असतो, वरचा लोखंडाचा असला तरी खालचा कुजका असला की शिवण कुजकीच. हे मशिनीवाली म्हणून गल्लीभर मिरवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. कळलंही होतं, फक्त काकासाहेब बसल्यावर.

बाहेरून आवाज आला: टक्.

मनकर्णा चहा तसाच सोडून बाहेर आली. "काकासाहेब, जरा परसदारी येता का? तुळस पाहायला?"

"तुळस?" काकासाहेबांनी डोळे किलकिले केले. "आमच्याकडं पुष्कळ हायेत."

"मग विशाल गणपतीचं दर्शन? जवळच आहे. चालत."

"चालत?" ते इतक्या दुःखाने म्हणाले, की पुढे बोलणं बरं दिसलं नसतं.

टक्.

बनुबाई रेणुकेला विचारत होत्या, "स्वयंपाक येतो का? भाकरी मोठी थापतेस की लहान?" रेणुका खाली मान घालून उत्तरं देत होती, पण तिने तो आवाज ऐकला होता. ती वहिनीकडे पाहत होती, आणि वहिनी तिच्याकडे पाहणं टाळत होती.

टक्. टक्.

"घरात उंदीर आहेत का?" बनुबाईंनी विचारलं.

"आहेत," राधाकृष्ण म्हणाले.

"नाहीत," मनकर्णा त्याच वेळी म्हणाली.

आणि मग याहून भयंकर गोष्ट झाली. काकासाहेबांना झोप लागली. मान मागे टेकली, फेटा एका बाजूला कलला, आणि ते घोरायला लागले. आता त्यांना उठवणार कोण? मुलीकडच्यांनी वरपित्याला हलवून उठवायचं, असं कुठल्या शास्त्रात आहे? प्रत्येक घोरण्याला पोट वर जाई आणि प्रत्येक वेळी एक टाका जाई. मनकर्णा केडगावच्या देवीला खणाची ओटी बोलली. मग मोहट्याच्या देवीलाही बोलली, म्हणजे एक नसली तर दुसरी.

पायाकडचा नेफा एका दमात उसवला.

काकासाहेब धप्पकन खाली आले. गुडघे पुढच्या दांडीवर लटकलेले, बूड जमिनीवर, पाठ अजून कॅनव्हासला, आणि फेटा मांडीत. क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत तेच उमगेना. मग उमगलं. खिडकीबाहेर मच्छिंद्र उपरण्याचा बोळा तोंडात कोंबून उभा होता. काकासाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा काळानिळा पडला.

"टांगा बोलवा," ते म्हणाले.

मनकर्णेच्या डोळ्यांपुढे राहुरीचं ते घर उभं राहिलं. पण काकासाहेब टांग्यात बसणार कसे? त्यासाठी आधी उठायला हवं होतं. त्यांनी हात टेकले, जोर केला आणि पुन्हा बसले. दुसऱ्यांदा केला आणि पुन्हा बसले. हे हसण्यासारखं होतं, पण त्या खोलीत कुणाला हसू येत नव्हतं, रडू येत होतं.

तेव्हा रेणुकेने पदर खोचला. पाहायला आलेल्या लोकांसमोर! ती पुढे झाली आणि काकासाहेबांच्या खालून निघालेलं कॅनव्हासचं मोकळं टोक तिने ओढून काढलं.

"दादा, हे धरा. मच्छिंद्रभाऊ, आत या, तुम्ही पण धरा. चांदभाई, या. दांडीवरून वर ओढायचं, झोळीसारखं. काका आपोआप उठतील."

"अगं, दुसरी शिवणही तुटली तर?" राधाकृष्ण म्हणाले.

"ती नाही तुटायची. ती दोन्ही बाजूंनी खाकी आहे," रेणुका म्हणाली. 'खाकी' हा शब्द ऐकताच राधाकृष्णांनी दाराकडे पाहिलं, पण टोक धरलं.

तिघांनी हिसका मारला.

"अरे, असं न्हवं!" काकासाहेब कापडाच्या झोळीतून ओरडले. नदीकाठी त्यांच्या विहिरी होत्या आणि मोटांवर हुकूम त्यांचाच चाले. माणूस अडचणीत सापडला तरी सवय सुटत नाही. "हिसका न्हाई मारायचा! मोट डचमळती! दमानं... हां, आता सरळ... आता घ्या!"

"घ्या रं घ्या!" उंबऱ्यातून गोजरबाईंनी साथ दिली.

आणि काकासाहेब वर आले. डोक्याकडच्या शिवणीने सगळा भार पेलला, एक टाका हलला नाही. ते उभे राहिले, फेटा नीट केला आणि वळून त्या खाकी शिवणीवरून अंगठा फिरवला. मग दोन्ही हातांनी नेफा ताणून पाहिला.

"कुठला हो हा दोरा?"

"पायजम्याचा," राधाकृष्ण म्हणाले.

काकासाहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. बाहेर टांगेवाला हाक मारत होता.

"तुमचं काय म्हणणं?" काकासाहेबांनी बायकोला विचारलं.

"मी मुलगी पाहिली," बनुबाई शांतपणे म्हणाल्या. "मला पसंत आहे. तुम्ही झोपला होतात."

"मी? झोपलो हुतो?"

"घोरत होतात."

"खोटं! मला दिवसा झोप येत न्हाई. गुडघं ठणकत्यात. रात्री बी येत न्हाई, तुमाला म्हाईत हाय."

"माहीत आहे म्हणून तर उठवलं नाही," बनुबाई म्हणाल्या.

काकासाहेब मटकन बसणार होते, पण जागा पाहून उभेच राहिले. ते खुर्चीकडे पाहत होते. मग त्यांनी टांगेवाल्याला हाताने थांबायची खूण केली.

"मुलगी पसंत. वैशाखात उडवून टाकू लग्न," ते म्हणाले. "भांडी नकोत, कपाट नको, काई नको. ही खुर्ची तेवढी मुलीसंगं पाठवा. खालची शिवन वरच्यासारखी करून. त्याच दोऱ्यानं."

राधाकृष्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. रेणुका आत पळाली. गोजरबाईंनी साखर आणायला सांगितली आणि आपण किती छान स्थळ आणलं ते मच्छिंद्रला सांगायला लागल्या. मनकर्णेने मात्र चांदभाईला बोळात गाठलं.

"चांदभाई, ते रीळ आणखी मिळेल?"

"ते तर संपलं, भाभी. नवा माल येईल, पन फौज इथं राहिली तर. साहेब लोक म्हनतात, लढाई आता संपत आली. मग तंबू गुंडाळनार आन् फौज जानार. धागा कुठला ऱ्हातोय?"

मनकर्णा परत आली. राधाकृष्ण साखरेची वाटी घेऊन देवापुढे उभे होते. "ये, ये. तोंड गोड कर. माग काय मागायचं ते. आज देव ऐकतोय."

मनकर्णेने हात जोडले, डोळे मिटले आणि मनापासून म्हणाली, "देवा, ही लढाई वैशाखापर्यंत तरी चालू दे."

राधाकृष्णांनी साखरेची वाटी खाली ठेवली आणि आधी खिडकी लावून घेतली.